तीनशे साठात तीनशे नव्वद

जरा पुढं सरका, माऊली. टाळ मांडीवर ठेवा. बुवांचा चहा होईपर्यंत एक गोष्ट सांगतो. गोष्ट मोठ्या भक्ताची आहे, तरी हसू आलं तर आवरू नका.

नेऱ्याचे काशिरामशेठ सप्त्यात पहिल्या रांगेत बसणार, बुवांना हार घालणार, आणि ‘देवाला सगळी लेकरं सारखी’ असं निरूपण आलं की उपरण्यानं डोळे पुसणार. दोन हजार नऊ साली त्यांच्या वडलांच्या सरकारनं घेतलेल्या जमिनीबदली नवीन पनवेलात तीनशे साठ चौरस मीटरचा प्लॉट मिळाला. वारस तिघं. काशिराम, धाकटा आनंदा आणि बहीण चंद्रावती. नवऱ्यामागं ती पनवेलच्या बाजारात सुका जवळा विकायची आणि दोन मुलींना घेऊन भाड्याच्या खोलीत राहायची. तिला त्या प्लॉटवर हक्काचं छप्पर हवं होतं, एवढंच.

काशिरामांनी वाटणी स्वतःच ठरवली आणि जावयाकडून सुवाच्य अक्षरात उतरवून घेतली. जावई म्हणजे जीवन सर, खांदा कॉलनीत गणिताचे क्लास घेतात. कागदावर काशिरामांना १/२, आनंदाला १/३, चंद्रावतीला १/४.

“बघ बाय, आनंदाच्या खाली तीन हाय, तुझ्या खाली चार,” काशिराम म्हणाले. “बहिणीला जास्त दिलंय. कर सही.”

“चौथा म्हंजे पाव, दादा. मी रोज पाव किलो तोलते, मला नको शिकवू.” तिनं बोटांवर मोजलं. “तुझे एकशे ऐंशी, आनंदाचे एकशे वीस, माझे नव्वद. झाले तीनशे नव्वद. वरचे तीस मीटर काय गटारावर बांधायचे?”

गणिताच्या सरांनी बेरीज केलीच नव्हती. मास्तराची चूक दाखवली की तो फळा मागतो. फळा नव्हता, म्हणून सरांनी एका लग्नपत्रिकेची पाठ घेतली.

“पायरी पायरीनं जाऊ, आत्या. तुमचा हिस्सा क्ष समजा.”

“समजायचा कशाला? बापानं ठेवलाय ना.”

सर लिहीत गेले. १८० + १२० + क्ष = ३६०. म्हणजे ३०० + क्ष = ३६०. तीनशे पलीकडे नेले, चिन्ह बदललं. क्ष = ६०. खाली दोन रेघा ओढल्या. “हां, आता ताळा बसला.”

नव्वदाचे साठ झाले. काशिरामांनी मान डोलावली, कीर्तनात डोलवतात तशीच.

“सर, आता तिघांना पन क्षच म्हना,” चंद्रावती म्हणाली.

सरांना लिहावं लागलं. क्ष + क्ष + क्ष = ३६०. म्हणजे ३क्ष = ३६०. दोन्ही बाजूंना तीननं भागलं. क्ष = १२०.

“हे चुकलंय?”

“नाही, बरोबर आहे. पण आत्या, प्रश्न तसा दिलेला नव्हता.”

“प्रश्न दिला कोनी?”

सरांनी सासऱ्यांकडे पाहिलं. आनंदाला दोन्ही गणितांत एकशे वीसच मिळत होते. तो भिंतीवरच्या कॅलेंडरात एकादशी शोधत होता.

“हिस्सा घेशील तर माहेर सुटलं,” काशिराम म्हणाले. “भाऊबीजेला हा उंबरा चढायचा नाय.”

“माहेर कितवा भाग धरलाय, दादा? कागदावर तर नाय दिसत.”

तिनं सही केली नाही. वर्षभर प्लॉट अडकला, भावांचा हिस्सा घ्यायला टपलेला बिल्डर चिडला, तेव्हा कुठं काशिरामांनी तिचे एकशे वीस मीटर सोडले, आणि पुढच्या सप्त्यात आपल्या उदारपणावर चार शब्दही बोलून घेतले. देव त्यांचं भलं करो. माझ्याच्यानं टाळी वाजली नाही.

आज तिथं चंद्रावतीच्या दोन खोल्या आहेत, दारात तुळस आहे. भाऊ मात्र कोणी फिरकत नाही, आनंदासुद्धा नाही. दोन सख्खे भाऊ असून ती गच्चीत जाऊन चंद्राला ओवाळते. तुमच्या घरी भाऊबीजेचं ताट सजेल तेव्हा, माऊली, घटकाभर तिची आठवण काढा.