कापूस अडकला ती जागा

"सराव झाला की दोरी उतरवा, आणि तापलेल्या गाडीत याला मुळीच ठेवू नका," मला घडवणाऱ्या काकांनी बजावलं होतं.

"हो हो काका, कळलं!" म्हणत चिमणीच्या आईनं गाडीची डिकी उघडलीसुद्धा.

मित्रांनो, 'याला' म्हणजे मला; नुकतीच तिरंदाजी शिकू लागलेल्या चिमणीचं धनुष्य मीच. धनुष्याच्या दोन वाकणाऱ्या हातांना 'लिंब' म्हणतात. ते निवडताना आईनं काकांना भंडावून सोडलं होतं.

"कार्बनचे घेऊ? मजबूत असतात ना?"

"ऊनपाऊस सोसतात. पण पोर नवी आहे. बांबूचा गाभा, वर फायबरग्लासचा पातळ थर, हे घ्या. ओढ मऊ असते. फक्त उष्णतेनं आतला डिंक सुटतो."

सोबतचा मामा हसला, "ताई, लिंबं उन्हात ठेवली तर सुकतील, एवढंच ना!" त्या हसण्यात ताकीद विरून गेली.

मग रोज भर उन्हात, दोरी चढवलेलीच ठेवून, मला डिकीत कोंडलं जाई. आत जीव घुसमटे. माझे थर एकमेकांना सोडू लागले, आणि लिंबावर कुसळासारखी एक बारीकशी शीर वर उठली. आई चिमणीची टोपी बघे, बुटांच्या नाड्या बघे, पाण्याची बाटली दोनदा हलवून बघे. मला मात्र कुणी बघेना.

"आई, हे आज कुरकुरतंय गं."

"नवं आहे ना, रुळेल."

मला ओरडता येत नव्हतं. चिमणी दोरी ओढून गालापाशी आणी, तेव्हा माझा फाटत चाललेला हात तिच्या डोळ्यासमोरच असे.

एके दिवशी तिच्या खरचटलेल्या बोटाला आईनं कापूस लावला. चिमणी पुन्हा रेषेवर उभी राहिली. बोटाचा कापूस सुटून माझ्या लिंबावर अडकला. वारा सुटला, तरी तो उडेना. दोरी अर्धी ओढली गेली होती. आईचं लक्ष गेलं.

"चिमणे, सोडू नकोस! हळूहळू परत आण... हळू!"

दोरी सैल झाली. आईनं कापूस ओढला, तर तंतू शिरेला लोंबत राहिले. तिनं लिंब जरासं वाकवलं, आणि ते तिच्याच हातात टर्रकन उकललं. तिनं आधी चिमणीचा गाल आणि डोळा चाचपून पाहिला.

मूठ जुनीच आहे, लिंबं नवी, पुन्हा बांबूचीच. आता सरावाआधी आई माझ्यावर कापूस फिरवते. तरी दोरी ताणली की मला अजून धडकी भरते.

मित्रांनो, तुमच्या घरचं कुणी आत्ता मैदानावर असेल. तिथं जा. "काही कुरकुरतंय का रे?" एवढंच विचारा, आणि उत्तर नीट ऐकून घ्या.