पाकातली रताळी आणि चौदा खुर्च्या

रताळी जमली तर आपल्या पदरात काय पडणार, हे धाकट्याने आठवडाभर आधीच मोजून ठेवलं होतं. एक म्हणजे खुर्च्यांतून कायमची सुटका. दुसरं, पुतणी त्याला 'खुर्चीकाका' आणि भाचरं 'खुर्चीमामा' म्हणत, ते नाव पुसलं जाणार. तिसरं, वहिनीच्या तोंडून एकदा तरी 'बरं झालंय' ऐकायला मिळणार. या तिसऱ्यावर त्याची फारशी भिस्त नव्हती. पहिल्या दोन गोष्टींतच सगळं वसूल होत होतं.

सुट्टीच्या मोठ्या जेवणाचा त्या घरातला नियम साधा होता. पदार्थ करणाऱ्याने ओझं उचलायचं नाही, आणि ज्याला काहीच करता येत नाही त्याने दोन मजले खालच्या शेजाऱ्यांकडून खुर्च्या आणायच्या. धाकटा पेशाने शिंपी. शहरातल्या निम्म्या पोटांचे घेर त्याला तोंडपाठ होते, पण स्वयंपाकघराचा उंबरा त्याने कधी ओलांडला नव्हता. अकरा वर्षं चौदा खुर्च्या तोच वाहत होता.

या वर्षी वहिनी न्हाणीघरात घसरली आणि तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला.

"बाकीचं मी एका हाताने रेटेन," ती म्हणाली, "पण रताळी नाही व्हायची. ती हळूच उलटायला दोन हात लागतात."

"मी करतो," धाकटा म्हणाला.

"अहो भाऊजी, ते शिवायचं नसतं!"

"ठाऊक आहे. पण बिघडलेलं उसवून पुन्हा नीट करणं, हाच माझा धंदा आहे."

वहिनीने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "बरं. पातेलं रिकामं झालं तर रताळी दरवर्षी तुमची. एक तुकडा जरी उरला, तर खुर्च्यांच्या जोडीला भांडीही तुमची."

"कबूल."

मग आज खुर्च्या कोण आणणार, हे कुणी विचारलंच नाही. थोरला भाऊ, म्हणजे दादा, वर्तमानपत्रामागे बसला होता. त्याने पान उलटलं, तेही आवाज न करता.

धाकट्याने रताळी सोलली. गळ्यातली टेप लावून बोटभर जाडीच्या चकत्या कापल्या.

"काका, टेप लावून?" पुतणी दारातून हसली.

"हसू नकोस. तुझ्या लग्नातला ब्लाउज असाच बसला होता."

लोणी, साखर, संत्र्याचा रस, दालचिनीचा तुकडा. पाकाला बुडबुडे आले, तशा त्याने चकत्या अलगद आत सोडल्या. त्याला शंका म्हणून कसली नव्हती. दोन्ही खांद्यांवर खुर्च्या घेऊन दारातून जाताना वहिनीला नेमकं हेच करताना त्याने अकरा वेळा पाहिलं होतं.

त्याने पाहिलं नव्हतं ते एवढंच, की तो यायच्या आधी सकाळीच वहिनी रताळी उकडून ठेवत असे.

स्टुलावर बसलेल्या वहिनीने कच्च्या चकत्या पाकात जाताना बघितल्या. तिने तोंड उघडलं, मिटलं, आणि प्लास्टरच्या आत एकाएकी फार खाज सुटल्यासारखं केलं.

पंधरा मिनिटांत चकत्या काचेसारख्या चमकू लागल्या. धाकट्याने कॉलरमध्ये खोचलेली सुई काढली, आचेवर धरून एका चकतीत टोचली. सुई जराशी आत गेली आणि अडली. कापडाचे किती पदर सुईखाली आहेत हे ती बोटं न बघता सांगत. रताळ्याने काय लपवायचं?

"आत कच्चं आहे."

"मग आणखी शिजू द्या की," वहिनी लगेच म्हणाली.

एरवी मीठ मागितलं तरी दोन टोमणे देऊन मीठ देणारी बाई इतक्या गोडीत बोलली, तिथेच धाकटा थांबला. 'अंगाला छान बसलंय' असं म्हणून दुसऱ्या दिवशी कपडे परत आणणारी गिऱ्हाइकं त्याने आयुष्यभर पाहिली होती.

"वहिनी, तुम्ही आधी उकडून घेता ना?"

"अहो, पाकात कुठे शिजतं? उलट कडक होतं. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल!"

"तासाभरात पानं घ्यायची आहेत, काका," पुतणी घाबरली.

"तासाभरात मी नवऱ्या मुलाचा कोट आवळलाय. तो अंगात असताना."

त्याने एकेक चकती बाहेर काढली. त्यात एक बोट चांगलंच पोळलं. चकत्या साध्या पाण्यात उकळायला टाकल्या, पाक बाजूला ठेवला. सुई आरपार जाऊ लागली, तेव्हा चकत्या निथळून पुन्हा पाकात सोडल्या.

पाहुणे येऊ लागले आणि बसायला काही नाही, हे तेव्हा सगळ्यांना दिसलं. वहिनीने वर्तमानपत्राकडे नुसतं बघितलं. दादा उठला.

रताळी वाढली गेली. आतून मऊ, आणि आधी पाक खाल्ल्यामुळे कडा मात्र जागच्या जागी. वहिनीच्या रताळ्यांचा निम्मा लगदा व्हायचा. हे कुणी बोललं नाही, पण पातेलं तीनदा फिरलं. मग तळाशी एकच चकती उरली आणि रीतभात म्हणून सगळ्यांचे हात थांबले.

वहिनीने चकतीकडे बघितलं, मग धाकट्याच्या पोळलेल्या बोटाकडे. डाव्या हाताने पातेलं ओढून तिने चकती उचलली, तोंडात टाकली आणि वर पाकही निपटला.

"दालचिनी जरा जास्त झाली," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी कमी घाला."

'बरं झालंय' मिळालं नाही. 'पुढच्या वर्षी' मिळालं, आणि धाकट्याला ते जास्तच वाटलं.

आता कुणी काय भरलं ते बघू. धाकट्याचं एक बोट गेलं. वहिनीची हक्काची रताळी गेली, पण शेवटचा घास तिचा होता. बाकी सगळं दादाच्या अंगावर पडलं. चौदा खुर्च्या, दोन मजले, शिवाय तेवढंच परत. शेवटची खुर्ची वर आणताना ती जिन्यात टेकवून दम खायला तो तिच्यावर बसला होता. वर पोचला तेव्हा रताळ्यांचं पातेलं घासायला गेलं होतं आणि एक छोटी भाची आईला विचारत होती, "हेच का खुर्चीमामा?"