दुसरा ग्लास

श्रीकांतकाकांच्या वाइनचा दुसरा ग्लास शेवटी एकानं मागितला.

आता हे विसरा. अबकैकच्या तेलप्रकल्पावरच्या आमच्या क्वार्टर्समध्ये वाइन नव्हती, ग्लास नव्हता, आणि मागणारा त्या वेळी मेसमध्ये डाळ खात होता. सौदीत असलं काही घडत नाही. त्यामुळे पुढचंही घडलेलं नाही.

काका नाशिकचे, पंपांचे मेकॅनिक, माझे रूममेट. फ्रान्समध्ये नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी कोवळी, फळांच्या चवीची तांबडी वाइन वाजतगाजत उघडतात, हे त्यांनी कुठंतरी वाचलं. तेव्हापासून दर वर्षी आमच्या बाथरूममध्ये द्राक्षरसाचा कॅन, त्यात पावाचं यीस्ट आणि तोंडाला फुगा. फुगा फुगला की मी श्वास रोखून आंघोळ करायचो. दात घासताना ओकारी यायची.

"फळांचा वास आहे तो," काका म्हणायचे.

"कुजलेल्या फळांचा, काका."

"फळंच ना पण?"

तो गुरुवार त्यांचा शेवटचा. शनिवारी फायनल एक्झिट, कायमचं घरी; इकामा, म्हणजे इथं राहण्याचा परवाना, खलास.

"इतक्या वर्षांत एकानंही पुन्हा मागितली नाही रे, राजस," फुगा सोडवत ते म्हणाले. फुग्यानं जो आवाज केला तो इथं लिहिण्यासारखा नाही. वासही नाही.

रंग बिटाच्या उकळलेल्या पाण्याचा, वर चक्क साय. मी घोट घेतला. केळं, गंज, ओला मोजा. गिळू की थुंकू, यात डोळ्यांत पाणी आलं. काकांना वाटलं, मी हेलावलो. त्यांनी माझी पाठ थोपटली, त्यामुळे ते गिळलं गेलं.

तेवढ्यात शेजारच्या खोलीतून प्यायला आलेल्या विनोदनं आपला रिकामा ग्लास पुढं केला. "काका, अजून थोडी."

कोविडपासून विनोदला ना वास कळतो, ना चव, हे अख्ख्या ब्लॉकला ठाऊक. मेसची डाळ मागून घेणारा तो एकटाच.

काकांनाही ठाऊक होतं. त्यांनी विनोदकडं पाहिलं, स्वतःच्या ग्लासातला घोट घेतला, बेसिनमध्ये थुंकले, तोंड पुसलं. मग त्याचा ग्लास काठोकाठ भरला.

"सावकाश पी, लेका," ते म्हणाले. "घाई करायची नसते हिला."

वर्षभरानं मी मेंटेनन्सला अर्ज दिला:

"विषय: बाथरूमला कसलाही वास येत नसल्याबाबत. महोदय, नोव्हेंबरचा तिसरा गुरुवार जवळ आला असून वासाचा अद्याप पत्ता नाही. तरी त्वरित पाहणी करून तो पूर्ववत करून द्यावा, ही नम्र विनंती."