एकाच वाटीतल्या कळ्या

शकूला कुणी चहा विचारला, तर ती आधी विचारणाऱ्याचं तोंड बघायची आणि मग कप. आमच्या वस्तीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. वस्ती जेटीच्या मागे, कातळाच्या उतारावर. पत्र्याची घरं, आणि दोन घरांमधून माणूस जेमतेम अंग चोरून जाईल एवढी वाट. कुणाच्या चुलीवर काय शिजतंय ते वासावरून कळावं, तिथे लपवणार काय, डोंबल? तरी शकूला कायम वाटायचं, आपल्यापासून काहीतरी लपवलं जातंय.

त्या आठवड्यात मात्र खरोखरच लपवलं जात होतं.

झालं होतं असं. आमच्या वस्तीत बायकांचं एक मंडळ आहे. त्याला साहेब नाही की कचेरी नाही. अंगणवाडीत मदतनीस असलेल्या कुसुमताईंच्या पडवीत बसायचं आणि ठरवायचं. एखाद्या घराला धंदा उभा करून द्यायचा ठरला की सुरुवातीचे दिवस सगळी वस्ती त्या घरासाठी राबते. कुणी मासे साफ करून देतं, कुणी घरातला मोठा टोप देतं, कुणी सामान सहा आसनी रिक्षात घालून पोचवून येतं. असं करत एकीची घावण्यांची गाडी लागली, एकीचं शिवणकाम सुरू झालं. यंदा हातखंब्याच्या तिठ्यावर मंडळाला एक गाळा मिळाला होता. हायवेवरच्या गाड्या तिथे थांबतातच, त्यामुळे मासळीच्या जेवणाची खाणावळ चालणार हे आंधळ्यालाही दिसत होतं. फक्त तो गाळा कुणाला द्यायचा ते ठरत नव्हतं.

मागणारी घरं दोन, शकूचं आणि रूपालीचं.

शकूचा नवरा मोरू बोटीवर होता. विंचच्या, म्हणजे जाळं वर घेणाऱ्या यंत्राच्या, दोरात उजव्या हाताची बोटं सापडली आणि जाळं ओढणं कायमचं बंद झालं. पण बोटीवर सगळ्यांचं जेवणही तोच रांधायचा. डाव्या हातात झारा धरून तो अजूनही अशी सुरमई तळतो, की शेजारची पोरं भाकरी घेऊन दारात येऊन बसतात. गाळा मिळाला तर तो पुन्हा माणसांत येणार होता. नाही तर भांडुपला धाकट्या दिराकडे जायचं, त्याच्या एका खोलीत राहायचं आणि मोरूनं कुठल्याशा बिल्डिंगच्या दारात वॉचमन म्हणून बसायचं, असं ठरलं होतं. मोरू ‘बरं’ म्हणाला होता, पण म्हणताना भिंतीकडे बघत होता.

रूपालीचा नवरा धडधाकट, बोटीवर जाणारा. तिच्या घरी घाई नव्हती. घाई होती ती तिच्या सासूला. चिमाआजी म्हणजे खमकी बाई. मंडळात तिनं ठणकावून सांगितलं, “आमच्या सुनेच्या हाताला काय चव नाय? मंग गाळा आमाला का नको?” आणि सासू बोलायला लागली की रूपाली मान खाली घालून बसायची.

दोन बैठका झाल्या तरी तिढा सुटेना. शेवटी कुसुमताईच म्हणाल्या, “देवीला कौल लावू. ती देईल तो खरा.”

आमच्याकडे कौलापुढे कुणी बोलत नाही. वस्तीच्या वरच्या अंगाला देवीचा पाषाण आहे. तिला गाऱ्हाणं घालायचं, मग दोन कळ्या पाण्यात बुडवून पाषाणाला दोन बाजूंना चिकटवायच्या. एक बाजू एकाची, दुसरी दुसऱ्याची. ज्याची कळी आधी सुटून पडेल त्याच्या पदरात देवीनं दान टाकलं. कळ्या लावायचं काम पुजारी काशीरामकाकांचं. हरणाऱ्यालाही वाईट वाटून घेता येत नाही, कारण देवीशी कोण भांडणार?

कौल ठरला आणि शकूच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. त्याला कारणंही मिळत गेली. ती नळावर गेली की बोलणी थांबायची. एका संध्याकाळी कुसुमताई आणि रूपाली काशीरामकाकांच्या घरातून बाहेर पडताना तिनं पाहिल्या. दोघींनी तिला बघितलं आणि रूपालीनं पटकन पदर सावरला. “काय गो, पुजाऱ्याकडे काय काम काढलंत?” शकूनं विचारलं. “काय नाय वयनी, नारळ द्यायचा होता,” रूपाली म्हणाली. नारळ द्यायला दोघी लागतात होय? शकू मनात म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तर कहर झाला. शकू बाजारातून परत येते तर रूपाली शकूच्याच घरातून बाहेर पडतेय. आत मोरू चक्क हसत होता. कित्येक दिवसांत न हसलेला माणूस.

“काय बोलत होती?”

“काय नाय. सहज आली होती.”

“सहज? कौल उद्यावर आला नि ती सहज येते? तुमाला माघार घ्यायला सांगितलं असेल. गोड बोलून गुंडाळलं ना तिनं?”

मोरूचं हसू गेलं. “तू जरा गप बसशील काय?” एवढंच तो म्हणाला. शकूचं मात्र ठरलं होतं. काशीराम त्यांचा झालाय, कुसुमताई त्यांची झालीय, आता नवराही भोळसटासारखा फसलाय. राहिली ती एकटी. मग एकटीनंच लढायचं.

कौलाच्या सकाळी सगळी वस्ती जमली, मोरू तेवढा घरीच थांबला. काशीरामकाका आंघोळ करून, ओल्या अंगानं पाषाणापुढे बसले होते. त्यांनी गाऱ्हाणं घातलं, “बाय माझे, दोन्ही लेकरं तुझीच, जिचा हक्क असेल तिला दे.” उजवी बाजू शकूची ठरली, डावी रूपालीची. काकांनी परडीतून कळ्या काढल्या तशी शकू पुढे झाली.

“काका, त्या कळ्या नको. मी आणल्यात माझ्या तगरीच्या. दोन्ही सारख्या मापाच्या.”

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. काकांनी हातातल्या कळ्या परडीत परत ठेवल्या. “बरं, आण.”

“आणि पाषाण पुसून घ्या दोन्ही अंगांनी. दोन्ही कळ्या एकाच वाटीत बुडवा, सारख्या. नि दोन हातांनी एकदम लावा. मी हितं बाजूला उभी राहते.”

“शकू,” कुसुमताई हळूच म्हणाल्या, “असं करू नये गो. काकांना करू दे त्यांच्या पद्धतीनं.”

“का? माझ्या पद्धतीत काय वाईट हाय?”

“देवीवर भरोसा नाय तुझा?” काकांनी विचारलं.

“देवीवर हाय. हातांवर नाय.”

चिमाआजी मागून म्हणाली, “बरोबर बोलतेय ती. होऊन जाऊ दे सरळ.” रूपालीनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, सासूकडे बघितलं आणि मिटलं. शकूनं ते पाहिलं. चोराच्या मनात चांदणं, असं वाटून तिला आणखीच जोर चढला.

काकांनी पाषाण पुसला. शकूच्या दोन कळ्या एकाच वाटीत बुडवल्या. तिच्या डोळ्यांदेखत, दोन हातांनी, एकदम लावल्या. खालून जेटीवर बर्फ फोडल्याचा आवाज तेवढा येत होता. शकू उजव्या कळीवर नजर रोखून मनातल्या मनात देवीला हात जोडत होती.

डावी कळी घसरली आणि खाली पडली.

चिमाआजीनं देवीला दंडवत घातला. बाकीच्या बायका कुसुमताईंकडे बघायला लागल्या. रूपाली तर पडलेल्या कळीकडे अशी बघत होती, जणू हरली तीच. माणसं पांगली. शकू हलली नाही. सगळे गेल्यावर ती काशीरामकाकांना म्हणाली, “शेवटी केलंतच ना काय ते? कसं केलंत ते मला कळलं नाय, पण केलंत.”

काका वाटीतलं पाणी तुळशीला ओतत होते. ते वळले तेव्हा त्यांचे डोळे लाल झाले होते.

“करणार होतो,” ते म्हणाले. “तुझ्यासाठी करणार होतो. तुझी कळी नुसती पाण्याला टेकवून लावायची, म्हणजे लगेच पडते. रूपालीची चांगली भिजवून दाबायची. ती स्वतः आली होती माझ्याकडे. म्हणाली, मोरूभावाला गाळा मिळू दे. सासूसमोर मला बोलता येत नाय, पण देवीनं दिला तर सासूबी गप बसेल. मंडळाचं सगळं ठरलं होतं. तू नि चिमाआजी सोडून सगळ्यांना ठाव होतं.”

“मग मला का नाय सांगितलंत?”

“तुला? मोरूला लागलं तेव्हा वस्तीनं तांदूळ दिले, ते तू कुसुमच्या दारात परत नेऊन ठेवलेस. तुला दान दिलेलं चालतं काय?”

“आता?”

“आता काय? तू म्हणालीस तसंच केलं मी, अगदी बरोब्बर. देवीनं खराच कौल दिला. तो मी फिरवू कसा?”

शकू घरी आली. मोरू दाढी करून, धुतलेला सदरा घालून बसला होता. तिचा चेहरा बघितला आणि त्याला समजलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं सदऱ्याची बटणं एकेक करून काढली आणि सदरा घडी करून ठेवला.

“तुमाला ठाव होतं,” ती म्हणाली.

“रूपालीनं शपथ घातली होती. सांगू नका म्हणाली.” मग म्हणाला, “भांडुपला भावाला फोन कर. येतो म्हणून सांग.”

शकूला स्वतःची इतकी चीड आली, की भिंतीवर डोकं आपटून घ्यावंसं वाटलं. आयुष्यभर तिला वाटत होतं, आपण डोळे उघडे ठेवतो म्हणून वाचतो. फोन हातात घेऊन ती बसून राहिली. मग तो तसाच ठेवला आणि उठून बाहेर पडली.

रूपालीच्या दारापर्यंत तिला कुणीकुणी पाहिलं. पाहू दे. दारात ती चौकटीला धरून उभी राहिली. मागायची सवयच नव्हती. रूपाली चुलीपाशी होती, ती लगबगीनं बाहेर आली.

“रूपाली,” शकू म्हणाली, “गाळा तुझाच. पण तव्यावर कुणीतरी लागेलच ना तुला. ह्यांना घेशील काय कामाला? पाया पडते तुझ्या.”

रूपाली काही बोलायच्या आतच आतून चिमाआजीचा आवाज आला, “कोण हाय गो दारात? काय मागायला आलंय?”

रूपालीनं शकूचा हात धरला आणि आत बघत म्हणाली, “मागायला कोण नाय आलं, आत्या. शकूवयनी हायत. मोरूभावाशिवाय मला खाणावळ जमायची नाय, म्हणून मीच बोलावून आणलंय.”

शकूला उंबऱ्यावरच रडू फुटलं.