चौथीची खूण

वीस वर्षं तिला एकच वाक्य ऐकायचं होतं, आणि तेही चार लोकांत. भोंगासरांनी म्हणायला हवं होतं, "चूक माझी."

भोंगा हे नाव त्यांना मुलींनीच दिलेलं. मैदानाच्या एका टोकाला ते नुसते खाकरले तरी दुसऱ्या टोकाची मुलगी पळत सुटायची. ती स्वतः शाळेत असताना त्यांच्या रिले संघात चौथी पळायची आणि तिची थोरली बहीण तिसरी. रिलेत पुढची मुलगी मागे बघत उभी असते. जमिनीवर चिकटपट्टीची खूण असते; मागून येणारीचा पाय त्या खुणेवर पडला की पुढचीने जीव खाऊन सुटायचं, मग वळून बघायचं नाही, नुसता हात मागे करायचा. मागची ताजीतवानी असेल तर खूण लांब हवी, दमलेली असेल तर जवळ. त्या वर्षी सरांनी बहिणीला तासाभरापूर्वीच आठशे मीटर पळवलं होतं, पण खूण मात्र सकाळचीच ठेवली. ती बरोबर खुणेवर सुटली. बहीण पोचलीच नाही. बॅटन द्यायचा पट्टा संपला आणि संघ बाद झाला.

"हिला घाई!" सर सगळ्या पालकांसमोर गरजले. "आईच्या पोटातूनही घाईघाईनेच आली असेल!"

लोक हसले. वडीलही हसले, तेच तिच्या जास्त जिव्हारी लागलं.

पुढे ती पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली आणि संध्याकाळी मुलींना पळायला शिकवू लागली. ओरडत नसे. बॅटन पडलं की विचारायची, "काय झालं, तू सांग," आणि मुलीला उत्तर सापडेपर्यंत थांबायची. खूण आधी पावलांनी मोजायची, मग टेपने, मग पुन्हा पावलांनी. मुली तिला पाठीमागे फूटपट्टी म्हणत. तिला ते ठाऊक होतं.

आज अंतिम फेरीत तिचा संघ होता आणि सरांचाही. खुणा तपासायला पाच मिनिटं मिळाली होती. वारा समोरून होता, म्हणून तिने आपल्या चौथीची खूण दीड पाऊल जवळ घेतली. मग शेजारच्या लेनमध्ये नजर गेली आणि तिथेच खिळली. सरांची तिसरी मुलगी नुकतीच चारशे मीटरची शर्यत संपवून गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होती. आणि खूण? सकाळचीच. सव्वीस पावलं.

पाण्याच्या बाटल्या सांभाळणारी बहीण कठड्याला टेकून उभी होती. "बघितलंस?"

"बघितलं."

"मग सांग की जाऊन."

"कुणाला? न विचारणाऱ्याला?"

"अगं, त्यांची चौथी बघ. काडीएवढी पोर. भोंगा सोलून काढेल तिला."

"काढू दे. आज टेप माझ्या हातात आहे."

"बाई गं, तुझ्यापेक्षा नागीण परवडली. ती निदान फुसकारते तरी."

"दम तुला लागला होता, ताई. बोलणी मी खाल्ली."

बहिणीने एका बाटलीचं झाकण उघडलं आणि परत लावलं.

तेवढ्यात सर आलेच. पोट सुटलं होतं, आवाज तोच. "काय बाई, अजून मोजतेच आहेस? पळणं छातीत असतं, टेपमध्ये नाही!"

"हो सर," ती म्हणाली. "तुमचं चालू द्या."

शर्यत सुटली. तिसरी मुलगी वळणावरून आली तेव्हा तिचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे जड पडत होते. खुणेवर पाय पडला, काडीएवढी चौथी सुटली, सुंदर सुटली. हात मागे केला. हातात काही आलं नाही. पट्टा संपला तरी आलं नाही. पंचाचं लाल निशाण वर गेलं. पलीकडे तिची स्वतःची चौथी पहिली आली. ते तिने धड पाहिलंही नाही.

"डोळे फुटले होते का?" सर मुलीच्या पुढ्यात उभे राहून ओरडत होते. "कोण मागे लागलं होतं तुझ्या?"

ती टेप घेऊन सरळ त्यांच्या लेनमध्ये गेली. पालक कठड्याशी जमलेच होते. तिने टेप पसरली, पावलं मोजली, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात आकडा सांगितला. "सकाळी हे बरोबर होतं. चारशे मीटर पळून आलेल्या मुलीला चोवीसहून जास्त झेपत नाही. ही खुणेवर सुटली, शिकवलं तश्शी. घाई केली नाही."

मुलीचे वडील पुढे झाले. "सर, खूण कोण लावतं?"

"मीच लावतो. त्याचं काय?"

"मग?"

सरांनी इकडेतिकडे पाहिलं. कुणी हसत नव्हतं. पंचसुद्धा वाट बघत थांबला होता.

"बरं, चूक माझी!" ते म्हणाले. "झालं समाधान?"

"झालं," ती म्हणाली.

असं काही घडलं की मनाला पोकळ वाटतं, असं तिने ऐकलं होतं. तसं मुळीच वाटलं नाही. फार गोड वाटलं. सर मान खाली घालून निघाले, तेव्हा तिने त्यांची पाठ मैदानाच्या फाटकापर्यंत नजरेने पोचवली.

टेप गुंडाळताना समोर पाय दिसले. ती काडीएवढी मुलगी. रडणं थांबलं होतं.

"मॅडम, तुम्हाला हे आधीच दिसलं होतं का?"

खोटं बोलायची तिला सवय नव्हती. "हो."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुझे सर हे बोलले नसते."

मुलीने जरा विचार केला.

"पण मी शेवटपर्यंत पळाले असते," ती म्हणाली, आणि वडिलांकडे निघून गेली.

टेप तशीच हातात धरून तिने ते वाक्य दोनदा तपासलं. त्यात चूक सापडली नाही.