चिठ्ठीखाली 'वेक्सकोम'

मंगळवारी सकाळी नऊ वाजता चित्रकार एनिडला टाइप केलेली चिठ्ठी मिळाली: 'प्रार्थनाघरातलं भिंतचित्र थांबवावं. वेक्सकोम.' सरदारघराण्यात सगळेच सहीला नुसता किताब लिहितात, असं एनिडला वाटे, आणि या घरात लेडी वेक्सकोम दोन होत्या: एनिडला आठ वर्षं आश्रय देणाऱ्या सासूबाई आणि त्यांच्या नव्या सूनबाई.

"अगं वेडे, मी कशाला थांबवीन?" सासूबाई म्हणाल्या.

"मला तर आवडतं ते," सूनबाई म्हणाल्या.

"मग भिंतीनेच लिहिलं वाटतं!" एनिड चिडली.

बटलर पिलबीम खाकरला. "बाईसाहेब, लेडी किताबाआधी स्वतःचं नाव घालतात. नुसता किताब फक्त लॉर्डसाहेब लिहितात."

लॉर्ड सकाळच्या गाडीने लंडनला गेले होते. एनिडने त्यांना तार केली; पाचपर्यंत तिचं उत्तर आलं नाही. प्रार्थनाघरात गवंडी भिंतचित्रावर फासायला चुना कालवत होते. त्यांना कुणी बोलावलं, हे कुणालाच सांगता येईना.