मनकर्णाबाईचं पथ्य

२००६ च्या पावसाळ्यात चिकनगुनियाची साथ आली, तेव्हा पवनारात घरागणिक माणसं कमरेत वाकून, भिंती धरधरून चालत होती. मनकर्णाबाईही वाकली. दिवाळीपर्यंत बाकीचे सरळ झाले, कापूस वेचायला गेले. तिचं दुखणं मात्र अंगात मुक्काम ठोकून राहिलं. सकाळी मुठी वळत नसत. नुसती आंघोळ केली तरी दिवसभर वावरात राबल्यासारखं अंग गळून जायचं.

आणि हात तर तिचे आसपासच्या गावांत नावाजलेले. लग्नसराईत लांब पोळ्या करायला तिलाच बोलावणं यायचं. सैल कणीक परातीत आपटून आपटून ती अशी ताणायची, की पोळी कोपरांपर्यंत लोंबायची आणि चुलीवरच्या पालथ्या मडक्यावर एकही भोक न पडता उतरायची.

मोठ्या दवाखान्यात रक्त तपासलं. रिपोर्ट चांगले आले. ‘हळूहळू जाईल,’ असं डॉक्टर म्हणाले. गोळ्यांनी पोटात आग पडू लागली, तेव्हा तिच्या नवऱ्याने, नत्थूजीने, वर्ध्यातला एक निसर्गोपचारवाला शोधून काढला. त्याने तिची जीभ पाहिली, नाडी पाहिली आणि गहू, तुरीचं वरण, वांगं, आंबट, चहा सगळं बंद केलं. सकाळच्या उन्हात तिळाचं तेल चोळायचं, दिवस मावळायच्या आत जेवायचं आणि दुपारभर पडून राहायचं.

थोरली जाऊ शकुबाई दारातूनच म्हणायची, “आमालेबी झालतं बाई. आमी काऊन नाई झोपून राह्यलो?”

मनकर्णाबाईला वाटायचं, हाड मोडलं असतं तर दाखवता तरी आलं असतं.

नत्थूजी तिच्यासाठी ज्वारीची भाकर थापायला शिकला. पहिले आठ दिवस एकही भाकर अख्खी तव्यावर पोचली नाही. तो तुकडेच भाजायचा आणि तिच्या ताटात जुळवून ठेवायचा. ताट पुढे करताना रोज विचारायचा, “आज कसं वाटते?”

पाचेक महिन्यांनी एका सकाळी तिने स्वतःची वेणी स्वतः घातली. अकरावीतली अंकिता कॉलेजला निघताना थबकली. “माय, तू घातली?” नत्थूजीने त्याच दिवशी वर्ध्याची बस धरली आणि निसर्गोपचारवाल्याला घरची पपई नेऊन दिली.

त्या उन्हाळ्यात शकुबाईच्या मुलाचं, आदेशचं लग्न निघालं. “आता तं बरी झाली ना तू?” शकुबाई म्हणाली. “घरच्या लग्नात बाहेरची बाई पोळ्या करन काय?”

मनकर्णाबाईलाही हुरूप आला होता. ती मडक्यापुढे बसली. पंचवीस पोळ्या उतरल्या. सव्विसावी ताणताना कणीक बोटांतून सुटली, आणि तिला जागचं उठता येईना. पुढचे अकरा दिवस अंकिताने तिला घास भरवला.

“पथ्य मोडलं असेल,” निसर्गोपचारवाला म्हणाला.

“घासभरबी नाई खाल्लं, साहेब. नुसत्या केल्या.”

“मग आराम मोडला.” त्याने दूध आणि मीठही तोडलं.

वेणीची सकाळ काही परत आली नाही. महिन्यातून दोन दिवस बरे जायचे, ते पथ्यामुळे. बाकीचे अठ्ठावीस वाईट जायचे, ते तिने काहीतरी चोरून खाल्लं असेल म्हणून. सगळं सोडून द्यावं असं तिला रोज वाटायचं. पण सोडलं, की गाव म्हणणार, म्हणूनच दुखते. आपण खरंच आजारी आहोत हे लोकांना पटवायला तिच्याजवळ पथ्याशिवाय दुसरं काही नव्हतं.

२००९ च्या मे महिन्यात अंकिताचं लग्न झालं. पोळ्या करायला सेलूहून दोन बाया आणल्या होत्या. मनकर्णाबाई खुर्चीवर बसून बघत राहिली. पोळ्या जाड होत होत्या, कडेला करपत होत्या. विहीणबाईंनी आग्रह केला, तशी तिने एक पोळी आंब्याच्या रसात बुडवून खाल्ली. मग आणखी एक. वर कपभर चहा.

दुसऱ्या दिवशी ती भीत भीत जागी झाली. मनगटं, खांदे, टाचा एकेक चाचपून पाहिलं. दुखणं तेवढंच होतं. रतीभर जास्त नाही, रतीभर कमी नाही. चार दिवस तिने वाट पाहिली. मग भाकरीला बसलेल्या नत्थूजीला सांगितलं.

“लग्नात मी पोळी खाल्ली. रस खाल्ला. चायबी पेली.”

त्याचे हात पिठात थांबले. “मंग?”

“मंग काई नाई. दुखत होतं तेवढंच दुखून राह्यलं.”

“म्हंजे, एवढी वर्सं...”

“हो.”

तो रागावेल असं तिला वाटलं होतं. तो परातीकडे बघतच म्हणाला, “सोडू नको, अंकिताच्या माय. डाक्टरच्या हातात काई नाई, देवाच्या हातात काई नाई. माह्या हातात एवढंच हाय. थेबी नाई राह्यलं, तं मी तुह्याकडे नुसता पाहत बसू काय?”

तिच्याने नाही म्हणवलं नाही.

गहू पुन्हा तिच्या ताटात आला नाही. बोटं मात्र वाकडी होत गेली. दोन वर्षांनी भाकरीचा तुकडाही नत्थूजीच मोडून तिच्या तोंडात देऊ लागला, आणि आज कसं वाटते म्हणून विचारायचं त्याने सोडून दिलं.